डेव्हिड ससून : दान, वारसा आणि वृद्धांचा निवारा

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला
- डेव्हिड ससून यांच्या जीवनाची ठळक रूपरेषा सांगता येईल;
- दात्याच्या पश्चात दान कसे टिकते, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून स्पष्ट करता येईल;
- चरित्रनायकाच्या कार्याची आणि त्याच्या दोषांची एकत्रित मांडणी करता येईल.

1. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ससून हा शब्द तुम्ही पूर्वी निश्चितच ऐकलेला असेल. पुण्यात कोणी आजारी पडले, तर त्याला ससूनला नेले, असे आपण म्हणतो. रुग्णालय हा शब्द जोडण्याची गरजही भासत नाही. एका माणसाचे कुलनाम मराठीत एका वास्तूचे नाव झाले आणि त्यामागचा माणूस मात्र विस्मृतीत गेला. भाषेत असे अनेकदा घडते.

नावामागचा तो माणूस कोण होता, हे आपण या घटकात पाहणार आहोत. त्यातही आपले विशेष लक्ष त्यांच्या एका तुलनेने अपरिचित दानाकडे राहील. पुण्याच्या नवी पेठेत निवारा नावाची संस्था आहे. निराधार आणि वृद्ध माणसांना आसरा देणाऱ्या या संस्थेचे मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह असे आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील तुमच्यापैकी अनेकांच्या घरची तरुण मंडळी नोकरीसाठी पुण्याला स्थायिक झाली असतील आणि गावच्या घरी वडीलधारी माणसे एकटी राहत असतील. म्हणून हा विषय तुम्हाला दूरचा वाटणार नाही.

2. बगदाद ते मुंबई

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 साली बगदाद येथे एका प्रतिष्ठित यहुदी घराण्यात झाला. त्यांचे वडील बगदादच्या पाशांचे खजिनदार आणि तेथील यहुदी समाजाचे प्रमुख होते. वडिलांच्या मागे ही जबाबदारी डेव्हिड यांच्याकडे आली. परंतु दाऊद पाशाच्या कारकिर्दीत यहुदी श्रीमंतांवर जुलूम वाढला. जीव आणि कुटुंब वाचवण्यासाठी डेव्हिड यांना जन्मभूमी सोडावी लागली. ते प्रथम इराणच्या आखातावरील बुशेर बंदरात गेले आणि तेथून 1832च्या सुमारास मुंबईत आले. त्या वेळी त्यांनी वयाची चाळिशी गाठली होती. ज्या वयात माणूस स्थिरस्थावर होतो, त्या वयात त्यांना परक्या मुलखात नव्याने आरंभ करावा लागला.

येथे एक भाषिक तपशील लक्षात ठेवा. डेव्हिड ससून यांना अरबी, हिब्रू, तुर्की आणि फार्सी या भाषा येत होत्या. मुंबईत आल्यावर त्यांनी हिंदुस्थानी आत्मसात केली. इंग्रजी मात्र त्यांनी कधीच शिकून घेतली नाही. 1853 साली त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले, तेव्हा कागदावरील त्यांची सही हिब्रू लिपीत होती. पोशाखही त्यांनी अखेरपर्यंत बगदादी पद्धतीचाच ठेवला. कोकणात शतकानुशतके राहणारे बेने इस्रायल हे यहुदी मराठी बोलत होते. ससून यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून आलेले बगदादी यहुदी त्यांच्याहून भाषेने आणि रीतिरिवाजाने वेगळे होते.

3. व्यापार आणि त्यातील दोष

मुंबईत त्यांनी डेव्हिड ससून आणि कंपनी या नावाने पेढी उभारली. त्यांना आठ पुत्र होते. मुलांना वेगवेगळ्या बंदरांत पाठवून व्यापार विस्तारणे ही त्यांची पद्धत होती. 1844 साली त्यांचा पुत्र इलायस चीनला गेला आणि पेढीचा पूर्वेकडील व्यवहार वाढू लागला. कापूस, सूत आणि कापड यांच्या बरोबरीने या पेढीने ज्या मालाचा व्यापार केला, तो होता अफू.

माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. चीनच्या शासनाने तिला विरोध केला, त्यातून 1839 ते 1842 या काळात युद्ध झाले आणि पराभूत चीनला आपली बंदरे खुली करावी लागली. त्यानंतर या व्यापारात ससून घराण्याचा वाटा वाढत गेला आणि पुढच्या पिढीत ते त्यातील अग्रगण्य व्यापारी ठरले. ब्रिटिश अमलाखाली हा व्यापार कायदेशीर होता आणि मुंबईच्या इतर अनेक दानशूर धनिकांची संपत्तीही त्यातूनच आली होती, हे खरे आहे. तरीही चीनमधील असंख्य कुटुंबे अफूच्या व्यसनाने उद्ध्वस्त झाली, ही वस्तुस्थिती त्यामुळे पुसली जात नाही.

चरित्राचा अभ्यास करताना तुमच्यापुढे हा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल. दानाचे गुणगान करताना धनाचा उगम लपवणारे चरित्र अपुरे असते. धनाच्या उगमामुळे दानाचा उपयोग नाकारणारे चरित्रही तितकेच अपुरे असते. अफूने चीनमध्ये केलेली हानी पुण्यातील रुग्णालयाने भरून निघाली नाही. त्याचबरोबर त्या रुग्णालयात वाचलेला रुग्णही खोटा ठरत नाही. या दोन्ही गोष्टी आपल्याला एकत्र सांगता आल्या पाहिजेत.

4. दानाचे स्वरूप

मिळकतीचा काही हिस्सा गरजूंसाठी बाजूला काढावा, अशी यहुदी धर्माची शिकवण आहे. ससून यांनी ती व्यापाराच्या शिस्तीतच बसवली. त्यांच्या पेढीत धर्मादायाचा हिशेब नियमितपणे ठेवला जाई. दान हा त्यांच्याकडे एखाद्या सणाचा उत्साह नव्हता. तो वहीखात्याचा भाग होता.

त्यांच्या दानाची व्याप्ती पाहा. भायखळ्याला त्यांनी प्रार्थनामंदिर बांधले आणि आपल्या समाजातील मुलांच्या शिक्षणाची सोय केली. त्यांचे दान स्वतःच्या समाजापुरते मर्यादित राहिले नाही. मुंबईत बालगुन्हेगारांना तुरुंगाऐवजी हस्तव्यवसाय शिकवणारी सुधारशाळा 1857 साली उभी राहिली. तिला त्यांचे साहाय्य होते आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. काळा घोडा परिसरातील ग्रंथालयासाठी त्यांनी 60,000 रुपये दिले. ती इमारत 1870 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण झाली.

5. पुण्यातील अखेरची वर्षे

आयुष्याच्या उत्तरार्धात ते पुण्याच्या हवेत अधिकाधिक राहू लागले. तेथे त्यांच्या कुटुंबाचा गार्डन रीच नावाचा बंगला होता. याच काळात, म्हणजे 1860च्या दशकाच्या आरंभी, पुण्यातील त्यांची तीन मोठी कामे आकाराला येऊ लागली. पहिले ओहेल डेव्हिड हे प्रार्थनामंदिर. त्याच्या तांबड्या विटांच्या बांधकामावरून पुणेकरांनी त्याला लाल देऊळ असे सुटसुटीत मराठी नाव दिले. दुसरे ससून रुग्णालय आणि तिसरे अनाथ पंगू गृह.

तिसऱ्या संस्थेकडे थोडे लक्षपूर्वक पाहू. रुग्णालयात रोगी बरा होऊन घरी परततो. परंतु ज्याला घरच नाही, त्याने कोठे जावे? म्हातारपणामुळे काम होत नाही, दृष्टी गेली आहे, हातपाय चालत नाहीत आणि सांभाळणारे कोणी नाही, अशा माणसाला औषधापेक्षा छप्पर, अन्न आणि सोबत यांची गरज असते. त्या काळी अशी माणसे देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत अथवा रस्त्यावर दिवस काढीत. वृद्धांचा सांभाळ एकत्र कुटुंबात होतो, हे गृहीत धरलेल्या समाजात कुटुंब नसलेल्या वृद्धाचा विचार सहसा कोणी करीत नसे. स्वतः सत्तरी गाठलेल्या आणि मोठ्या कुटुंबाने वेढलेल्या या गृहस्थाच्या दानातून त्या माणसांसाठी कायमची जागा निर्माण झाली, हे विशेष आहे.

नोव्हेंबर 1864 मध्ये डेव्हिड ससून पुण्यातच निवर्तले. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्या वेळी ते देऊळ पूर्ण झालेले नव्हते आणि रुग्णालयही सुरू झालेले नव्हते. ही दोन्ही कामे 1867 साली पूर्णत्वाला गेली.

6. दात्यामागे दान

येथे या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. डेव्हिड ससून यांनी संकल्प केला, पैसा दिला आणि ते गेले. त्यांच्या मागे मुलांनी तो संकल्प पुरा केला. वारसांनी हात आखडता घेतला असता, तर अर्धवट भिंतींपलीकडे फारसे काही उरले नसते.

परंतु वारसही कायम राहत नाहीत. ज्येष्ठ पुत्र अब्दुल्ला, म्हणजेच पुढे अल्बर्ट ससून, यांनी मुंबईत कुलाब्याला 1875 साली ससून गोदी बांधली. त्यानंतर ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. इतर काही भाऊही तिकडे स्थायिक झाले. डेव्हिड यांचा पणतू सिगफ्रीड ससून हा पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारा इंग्रजी कवी म्हणून प्रसिद्ध झाला. ज्या पणजोबांना इंग्रजी येत नव्हती, त्यांच्या घराण्यात चौथ्या पिढीला इंग्रजी कवी जन्मला. पुढे विसाव्या शतकात पेढीही मावळली.

घराणे गेले, पेढी गेली, बगदादी समाजही मोठ्या प्रमाणात देशांतर करून गेला. पुण्यातील रुग्णालय आणि निवारा मात्र राहिले. असे का झाले असावे? कारण हे दान कोणा एका व्यक्तीच्या मर्जीवर सोपवलेले नव्हते. त्याला निश्चित उद्देश होता, स्थानिक जागा होती आणि चालवणारी व्यवस्था होती. दात्याच्या वंशजांनी गाव सोडले, तरी गावातील इतर माणसांना ते काम पुढे नेता आले.

नावातील बदलही अभ्यासण्याजोगा आहे. अनाथ आणि पंगू या शब्दांत आश्रिताच्या उणिवेवर बोट ठेवलेले आहे. निवारा या शब्दात त्याला मिळणाऱ्या गोष्टीचा निर्देश आहे. दीडशे वर्षांत समाजाची दृष्टी कशी बदलली, हे या दोन नावांत दिसते.

7. दान आणि मृत्युपत्र

डेव्हिड ससून यांनी ही दाने आपल्या हयातीत दिली. दानाचा दुसरा मार्ग मृत्युपत्राचा. त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. 1930 साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वये मोठी संपत्ती तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला मिळाली. त्या निधीतून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था 1942 साली सुरू झाली. दात्याची इच्छा प्रत्यक्षात येण्यास काळ लागला, पण ती लेखी आणि स्पष्ट असल्यामुळे हरवली नाही.

अशी दाने केवळ धनिकांनीच द्यावीत, असे नाही. लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेलाही आपल्या ठेवीचा काही भाग तालुक्याच्या वृद्धाश्रमासाठी ठेवता येतो. भारतीय वारसा कायदा, 1925 अन्वये मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी सक्तीची नाही. तथापि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केल्यास पुढील वाद कमी होतात. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार, वारसांची संमती नसेल, तर साधारणपणे एकतृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते. मृत्युपत्र करणाऱ्याला ते हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्राने दिलेली वस्तू मात्र सहसा परत घेता येत नाही. हा फरक नीट लक्षात घ्या.

ससून यांच्या चरित्रावरून यात आणखी तीन गोष्टींची भर घालता येईल. संस्थेचे नाव नेमके लिहावे आणि ती सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदलेली आहे का, हे धर्मादाय कार्यालयात पाहून घ्यावे. पैसा कशासाठी वापरावा, हे स्पष्ट करावे, पण संस्थेचे हातपाय बांधले जातील इतके बारीक नियम घालू नयेत. आणि घरच्यांना आपला विचार हयातीतच सांगावा. मृत्युपत्र उघडल्यावर प्रथमच कळलेले दान मुलांना आपल्यावरील अविश्वासासारखे वाटते. आधी सांगितलेले दान ती आपले कर्तव्य मानून पुरे करण्याची शक्यता अधिक असते.

8. समारोप

बगदादहून परागंदा झालेला एक माणूस, अफूच्या व्यापारात धनाढ्य झालेला व्यापारी आणि अनोळखी वृद्धांसाठी छप्पर ठेवून गेलेला दाता, या तीनही रूपांत डेव्हिड ससून आपल्यासमोर येतात. त्यांपैकी एकच रूप निवडण्याचा मोह टाळा. पुढच्या वेळी ससून हा शब्द तुमच्या बोलण्यात येईल, तेव्हा त्यामागचा माणूस आठवा. आणि आपल्या गावातील ज्या वृद्धांना सांभाळणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी आपल्या मागे काय राहणार आहे, याचाही विचार करा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. डेव्हिड ससून यांना बगदाद का सोडावे लागले, ते थोडक्यात सांगा.
2. रुग्णालय आणि अनाथ पंगू गृह यांच्या उद्देशांतील फरक स्पष्ट करा.
3. दानशूर व्यक्तीच्या संपत्तीचा उगम चरित्रात का नोंदवावा? तुमचे मत सकारण मांडा.
4. अनाथ पंगू गृह आणि निवारा या नावांतील अर्थभेद विशद करा.
5. उपक्रम : तुमच्या तालुक्यातील एखाद्या शाळेला, धर्मशाळेला अथवा वाचनालयाला लाभलेल्या जुन्या दानाची माहिती मिळवा. दाता कोण होता, कागद कोणता होता आणि आज ते दान कोण सांभाळते, या तीन प्रश्नांच्या आधारे सुमारे 300 शब्दांत टिपण लिहा.