पुण्याईच्या गर्वाचा वैरी : संत फिलिप नेरी

काम, क्रोध, लोभ हे साधकाचे शत्रू उघड्या दाराने येतात. त्यांची चाहूल तरी लागते. अहंकार मात्र उपवास, जप आणि दानधर्म यांच्याच वस्त्रांत लपून थेट देवघरापर्यंत पोहोचतो, आणि ज्याच्या घरी तो उतरला त्यालाच त्याचा पत्ता नसतो. कॅथलिक संतपरंपरेत या छुप्या गर्वाचा माग आयुष्यभर काढणारे सत्पुरुष म्हणून रोमचे संत फिलिप नेरी यांचे नाव आदराने घेतले जाते.

इ. स. १५१५ च्या जुलै महिन्यात इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत त्यांचा जन्म झाला. अठराव्या वर्षी वडिलांनी त्यांना एका व्यापारी नातलगाकडे धाडले. पुढेमागे त्याची सारी मालमत्ता मिळण्याजोगी होती. परंतु मन रमेना. सर्व सोडून ते रिकाम्या हाती रोमला आले. तेथे एका गृहस्थाच्या दोन मुलांना शिकवावे, साध्या अन्नावर राहावे आणि रात्री नगराबाहेरच्या प्राचीन भुयारी दफनभूमीत एकांतात प्रार्थना करावी, असा त्यांचा क्रम होता. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांचा अभ्यासही त्यांनी केला. पण एके दिवशी ग्रंथ विकून ते पैसे गरिबांना वाटून टाकले.

१५५१ साली ते धर्मगुरू झाले. त्यांच्या खोलीत दुपारी तरुणांचा मेळा जमे. प्रार्थना, प्रवचन, भजन, मोकळा संवाद असे त्याचे स्वरूप असे. या मेळ्याला ‘ओरेटरी’ हे नाव पडले. तेथे हिंदुस्थानातून आलेली मिशनऱ्यांची पत्रे वाचली जात. ती ऐकून १५५७ च्या सुमारास फिलिप यांना हिंदुस्थानात येण्याची ओढ लागली. परंतु एका तपस्वी संन्याशाने, त्यांचा हिंदुस्थान रोममध्येच आहे, असा कौल दिला. फिलिप यांनी तो निमूटपणे मानला. दोनच वर्षांनी, १५५९ मध्ये, हा मनुष्य महत्त्वाकांक्षी असून स्वतःचा पंथ काढू पाहतो, असा ठपका त्यांच्यावर आला आणि पापनिवेदन ऐकण्यास काही दिवस बंदी झाली. गर्वाशी झुंजणाऱ्यावर गर्वाचाच आरोप! त्यांनी प्रतिवाद न करता आज्ञा पाळली.

लोक त्यांना जिवंतपणीच संत मानू लागले, तेव्हा खरे संकट उभे राहिले. त्यावर त्यांनी योजलेला उपाय विलक्षण होता. कधी दाढी एकाच बाजूने काढून ते रस्त्याने फिरत. कधी थोर पाहुणे दर्शनाला आले की विनोदी चुटक्यांचे पुस्तक वाचावयास लावीत. पाहुण्यांनी निराश होऊन परतावे हाच हेतू. पोप ग्रेगरी चौदावे यांनी कार्डिनलची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, तेव्हा त्यांनी तीही थट्टेवारी नेली.

शिष्यांनाही हीच मात्रा मिळे. एकाला अंगाला बोचणारे केसांचे वस्त्र व्रत म्हणून घालावयाचे होते. फिलिप यांनी परवानगी दिली, मात्र ते कपड्यांच्या वरून, सर्वांना दिसेल असे घालावे, ही अट घातली. गुप्त तपाचा गोड अभिमान लोकांच्या हास्यात विरून गेला. एका शिष्याने सुंदर प्रवचन केले, तर तेच प्रवचन त्याला पुन्हा सहा वेळा करावयास लावले. याला एवढेच येते, असे श्रोत्यांनी समजावे म्हणून. प्रकांड पंडित बरोनियस यांना तर स्वयंपाकघरात राबवले, आणि त्यांच्याच हातून चर्चच्या इतिहासाचा महाग्रंथही लिहवून घेतला. आजच्या वाचकाला हे उपाय कठोर, किंबहुना पोरकट वाटतील. परंतु देहदंडापेक्षा बुद्धीच्या ताठ्याला वाकवणे अधिक अवघड, ही त्यांची धारणा होती. आणि वाकवायचे ते आधी स्वतःला.

परंपरेने सांगितली जाणारी एक कथा अशी. एका मठातील संन्यासिनीच्या चमत्कारांची कीर्ती पसरली होती. शहानिशा करण्यासाठी पोपनी फिलिप यांना पाठवले. भर पावसात चिखल तुडवीत ते पोहोचले आणि आपले बरबटलेले जोडे काढावयास त्यांनी तिला सांगितले. ती संतापून मागे सरली. फिलिप यांनी आणखी काहीही विचारले नाही. नम्रता नाही तेथे चमत्कार कसले, एवढाच निर्वाळा त्यांनी परत येऊन दिला.

स्वतःविषयी मात्र ते अखेरपर्यंत साशंक राहिले. देवाने आज आपल्यावरचा हात काढला तर आपण त्याचा विश्वासघात करू, अशी त्यांची प्रार्थना असे. अखेरच्या काळात त्यांनी आपली कागदपत्रे जाळवली. २६ मे १५९५ रोजी त्यांचे देहावसान झाले. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले ते गोव्यात ज्यांचा देह आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच समवेत, एकाच दिवशी.

फिलिप स्वतः हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. परंतु १६८५ च्या सुमारास जुने गोवे येथे गोमंतकीय धर्मगुरूंनी ओरेटरी स्थापिली, ती त्यांच्याच संघाच्या धर्तीवर. तिचे अध्वर्यू जोसेफ वाझ १६८७ मध्ये सिलोनला गेले, ते मजुराच्या वेषात.