विश्लेषण : जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वहीतली घरगुती बिअर… तिच्यातली मळी यायची कुठून?

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष, स्वातंत्र्ययुद्धाचे सरसेनापती, डॉलरच्या नोटेवरचा चेहरा ही जॉर्ज वॉशिंग्टन यांची ओळख सर्वांना आहे. पण न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत त्यांच्या हस्ताक्षरातली १७५७ सालची एक वही जपून ठेवलेली आहे आणि तिच्यात लष्करी नोंदींबरोबर ‘स्मॉल बिअर’ घरी कशी करायची याची कृतीही आहे. त्या वेळी ते अवघ्या २५ वर्षांचे, व्हर्जिनिया रेजिमेंटचे कर्नल होते.

‘स्मॉल बिअर’ म्हणजे काय?

कमी मद्यार्काची, हलकी, रोजच्या जेवणाबरोबर घेण्याची बिअर. साधारणपणे मद्यार्क एक ते तीन टक्के. आपल्याकडे उन्हाळ्यात ताकाला जे स्थान, तेच इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतल्या वसाहतींत तिला होते. घरातली बायका-मुले, शेतातले मजूर, सैनिक असे सगळेच ती पीत. ती फार टिकत नसे, म्हणून थोडी थोडी आणि वारंवार केली जाई.

कृती काय होती?

मोठी चाळणीभर कोंडा घ्यायचा, त्यात चवीनुसार हॉप्स घालायचे. हॉप्स ही एका वेलीची कडवट फुले. बिअरचा कडवटपणा त्यांचाच. हे पाण्यात तीन तास उकळायचे. मग त्यातले ३० गॅलन (सुमारे ११३ लिटर) पाणी पसरट भांड्यात गाळायचे आणि कढत असतानाच त्यात तीन गॅलन मळी मिसळायची. मिश्रण अंगाच्या उबेपेक्षा किंचित जास्त कोमट झाले की सुमारे लिटरभर यीस्ट. थंडी कडक असेल तर वरून घोंगडी पांघरायची. चोवीस तास आंबू दिल्यावर पिंपात भरायचे. फसफस जवळजवळ थांबेपर्यंत बूच उघडे ठेवायचे. केल्यापासून आठवड्याने त्याच वारी बाटल्या भरायच्या.

या कृतीत एक गंमत आहे. बिअर म्हटली की माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. त्यातली विकरे पिष्टाची साखर करतात आणि ती साखर यीस्ट खाते. इथे माल्ट नाहीच. कोंडा थेट उकळल्यावर त्यातल्या विकरांनाही काम उरत नाही. म्हणजे कोंड्याने दिला तो थोडा दाटपणा आणि धान्याची चव. मद्यार्क आला तो जवळजवळ सगळा मळीतून. मोजायला हायड्रोमीटर नव्हता. मळी जितकी दाट, तितकी बिअर चढी. तीन तासांच्या उकळीने पाणी निर्धोक होत असे, हा फायदा मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. जंतूंमुळे रोग होतात, हे सिद्ध व्हायला अजून शंभर वर्षे होती.

मळी कुठली?

साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्राला मळी ओळखीची आहे. व्हर्जिनियात ऊस नव्हता. तिथली मळी यायची कॅरिबियन बेटांवरून, आणि त्या बेटांवरचा ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम तोडत. ब्रिटिश संसदेने १७३३ मध्ये परकीय मळीवर गॅलनला सहा पेन्स कर लावला. १७६४ मध्ये तो निम्म्यावर आणला, पण वसुली कडक केली. वसाहतींतल्या असंतोषाची सुरुवात शोधायला गेले तर चहाच्या आधी मळी लागते.

वॉशिंग्टन स्वतः वयाच्या ११व्या वर्षी, वडील वारल्यावर, दहा गुलामांचे मालक झाले होते. जुलै १७६६ मध्ये त्यांनी टॉम नावाचा एक गुलाम जहाजाच्या कप्तानाकडे सोपवला. टॉम पळून जायचा. तो धडधाकट आहे, कुदळीला चांगला आहे, त्याला कॅरिबियन बेटांवर विकावे, आणि समुद्रात जाईपर्यंत हातकड्या काढू नयेत, असे वॉशिंग्टन यांनी पत्रात कळवले. मोबदल्यात काय आणायचे याची यादी त्याच पत्रात आहे : एक मोठे पिंप उत्तम मळी, एक पिंप रम, एक पिंप लिंबे, सुमारे दहा पौंड चिंच, मुरंब्यासारख्या गोड पदार्थांच्या दोन बरण्या आणि उरलेल्या पैशांची जुनी दारू.

वहीतली कृती आणि हे पत्र यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. टॉमच्या बदल्यात मागवलेल्या मळीची बिअर झालीच असे म्हणता येणार नाही. पण मळी घरात कशी येत असे, हे याहून स्पष्टपणे दुसरा कुठला कागद सांगेल?

निवडणूक आणि फौज

राजकारणातही पिंपे होतीच. १७५५ मध्ये वॉशिंग्टन व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची निवडणूक हरले. १७५८ मध्ये जिंकले. ते स्वतः आघाडीवर असताना मित्रांनी मतदारांना रम, पंच, वाइन, सायडर आणि बिअर मिळून सुमारे १६० गॅलन पाजले. बिल अर्थात उमेदवाराच्या नावावर.

पुढे १७७५ मध्ये ते सरसेनापती झाले. त्याच नोव्हेंबरात काँग्रेसने सैनिकांचा शिधा ठरवला, त्यात माणशी रोज एक क्वार्ट (सुमारे ०.९५ लिटर) स्प्रूस बिअर किंवा सायडर होते. ते नसेल तर शंभर जणांच्या तुकडीला आठवड्याला नऊ गॅलन मळी.

शेवटची वर्षे

इंग्लंडची पोर्टर ही काळी बिअर त्यांना फार आवडे. स्वातंत्र्यानंतर ते फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हेअर यांची पोर्टर मागवू लागले, आणि जानेवारी १७८९ मध्ये, आपल्या घरात अमेरिकेतल्याशिवाय दुसरी पोर्टर येत नाही, असे त्यांनी लाफायेत यांना लिहिले. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर माउंट व्हर्ननला त्यांनी व्हिस्कीची भट्टी लावली. व्यवस्थापक स्कॉटिश होते, भट्टीवर राबणारे गुलाम. १७९९ मध्ये तिथे सुमारे ११ हजार गॅलन व्हिस्की निघाली.

त्याच वर्षी १४ डिसेंबरला वॉशिंग्टन वारले. तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. पत्नी मार्था यांच्या मृत्यूनंतर त्यांना मुक्त करावे, असे मृत्युपत्रात लिहिले होते. मार्था थांबल्या नाहीत. १ जानेवारी १८०१ रोजी त्यांनीच या गुलामांना मोकळे केले. उरलेले बहुतेक मार्थांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे होते. मार्थांच्या निधनानंतर ते नातवंडांमध्ये वाटले गेले.