निळ्या रंगाची साक्ष

हाती दिवा घेतलेली परिचारिका म्हणून फ्लोरेन्स नाइटिंगेल सर्वांना माहीत आहेत. मला त्यांच्या हातातला कागद जास्त मोलाचा वाटतो.

१८२० साली जन्मलेल्या या इंग्रज बाई क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे जखमांपेक्षा पटकी, हगवण अशा रोगांनीच जास्त सैनिक दगावत होते. इमारतीखालची गटारे तुंबली होती. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोगाने ती साफ केली, हवा खेळती केली. मृत्यू झपाट्याने घटले.

युद्धानंतर नाइटिंगेल यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने आकडे मांडले. लांबलचक तक्ते मोठी माणसे वाचत नाहीत, हे त्या ओळखून होत्या. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी रंगीत वर्तुळाकृती छापल्या. टाळता येणारे रोग निळे, जखमा लाल, इतर कारणे काळी. निळा रंग सर्वांत जास्त पसरलेला होता.

पुढे भारतात कधीही न येता त्यांनी इथल्या छावण्यांतील पाणी आणि गटारांसाठी सरकारचा पिच्छा पुरवला. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले.

हाऊसच्या तपासणीत साहेब बुटांबरोबर नळ आणि गटारेही का पाहतात, ते मला त्या निळ्या रंगाने शिकवले.