पाठांतराला नकार देणारे कोल्ड गुरुजी

दरवर्षी ५ सप्टेंबरला शिक्षक दिन येतो. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होतो. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल, चार भाषणे आणि चहा. सत्कार कोणाचा होतो? बहुधा ज्यांच्या वर्गाचा निकाल चांगला लागला त्यांचा, नाहीतर ज्यांची निवृत्ती जवळ आली त्यांचा. त्यात वावगे काही नाही. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, ज्यांच्या वर्गात मुले बिनधास्त प्रश्न विचारतात, आपसात चर्चा करतात आणि गुरुजी उत्तर सांगायच्या आधी मुलांचे ऐकून घेतात, अशा शिक्षकाचा सत्कार तुमच्या गावात शेवटचा कधी झाला? जरा आठवून बघा. उलट अशा वर्गावरून जाताना आपणच म्हणतो, की या गुरुजींचा पोरांवर धाक नाही.

आज अशाच एका गुरुजींची हकिगत सांगायची आहे. नाव क्रिस्टन कोल्ड. देश डेन्मार्क. शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. मग शेतीच्या पानावर त्यांचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. काम आहे. त्यांचे विद्यार्थी शेतकऱ्यांची मुले होती, शाळा खेड्यात होती आणि त्यांचा सगळ्यात गाजलेला धडा वावरातला आहे.

जोडे शिवणाऱ्याचा मुलगा

कोल्ड यांचा जन्म २९ मार्च १८१६ रोजी डेन्मार्कच्या उत्तरेकडील थिस्टेड या गावी झाला. वडील जोडे शिवायचे. मुलाने तोच धंदा करावा अशी घरची इच्छा, पण त्याचा हात त्यात बसेना. आई गोष्टी सांगायची, त्यात मात्र पोरगा रंगून जायचा. गोष्टीने माणूस जागा होतो, ही समज त्यांना घरातच मिळाली. पुढे ते शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन १८३६ च्या सुमारास बाहेर पडले.

त्या काळचा डेन्मार्क समजून घ्या. तिथला कुळवाडी १७८८ पर्यंत कायद्याने जमीनदाराच्या वतनाला बांधलेला होता. परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नव्हते. त्या वर्षी बंधन उठवण्याचा कायदा झाला. १८१४ मध्ये मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. म्हणजे पायातली बेडी निघाली, हातात पुस्तकही आले. पण चारचौघांत तोंड उघडायची सवय कुठून येणार? पिढ्यान्पिढ्या मान खाली घालून हो म्हणायची सवय होती. आणि शाळाही तेच शिकवत होती. पुस्तकातला धडा शब्दन्‌ शब्द पाठ करायचा आणि गुरुजींपुढे म्हणून दाखवायचा. आला तर शाबासकी, नाही आला तर मार.

नोकरी गेली तरी चालेल

तरुण कोल्ड खेड्यातल्या मुलांना शिकवू लागले. धर्माचे एक सरकारमान्य पुस्तक होते, ते मुलांकडून घोकून घ्यायचे हा नियम. मुले घोकत होती, पण अर्थ कळत नव्हता. मग कोल्ड यांनी पुस्तक बाजूला ठेवले. तोच विषय ते गोष्टीरूपाने सांगू लागले. गोष्ट झाली की मुलांशी बोलायचे, त्यांना काय वाटले ते विचारायचे. मुलांना गोडी लागली. शिवाय सांगितलेले त्यांच्या ध्यानातही राहू लागले.

वरिष्ठांना मात्र हे पटले नाही. नियम म्हणजे नियम. पाठांतर घेणार नसाल तर शिक्षकाची नेमणूक नाही. कोल्ड यांनी माघार घेतली असती तर पगार, घर, मान सगळे मिळाले असते. त्यांनी माघार घेतली नाही. १८४२ मध्ये ते एका धर्मप्रचारकाबरोबर तुर्कस्तानातल्या स्मिर्ना शहरी गेले. आज त्याला इझमीर म्हणतात. तिथे त्यांच्या वाट्याला घरकामाच्या नोकरासारखे जिणे आले. पुढे ते पुस्तक बांधणीच्या धंद्यावर पोट भरू लागले. १८४७ मध्ये परत निघाले, ते जहाजाने ट्रिएस्ट बंदरापर्यंत आले आणि तिथून हातगाडीवर सामान टाकून पायी डेन्मार्कला पोहोचले. मध्ये अख्खा युरोप खंड उभा आहे, हे ध्यानात घ्या. साठवलेले पैसे वाटखर्चात घालवायचे नव्हते. मनात शाळा होती.

शेतकऱ्यांची शाळा

त्याच देशात ग्रुंटविग नावाचे मोठे धर्मोपदेशक आणि कवी होऊन गेले. त्यांचे म्हणणे असे, की परीक्षेसाठी नव्हे तर जगण्यासाठी शाळा हवी. तिथे शेतकऱ्याच्या तरुण मुलांनी एकत्र राहावे, गुरूशी आणि एकमेकांशी बोलावे. पुस्तकापेक्षा तोंडच्या शब्दावर त्यांचा भर होता. या विचाराची पहिली लोकशाळा १८४४ मध्ये रोडिंग या गावी निघाली. पण हा विचार गरीब शेतकऱ्याच्या पोरापर्यंत पोहोचवला तो कोल्ड यांनी.

१८५१ मध्ये फ्यून बेटावर रिस्लिंग गावी त्यांनी आपली शाळा काढली. ग्रुंटविग यांनी पैसे उभे करायला मदत केली. पहिल्या हिवाळ्यात जेमतेम १५ विद्यार्थी. शाळा हिवाळ्यातच भरायची, कारण तेव्हा शेतात काम नसते. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. गुरुजींचा पोशाख खेडवळ, जाडाभरडा. जेवण विद्यार्थ्यांबरोबर एकाच टेबलावर. झोपायलाही गुरुजी मुलांबरोबर माळ्यावर. दिवे मालवल्यावरही बोलणे चालू असायचे. दिवसा सांगितलेल्या गोष्टीवर रात्री कोणाला शंका आली, तर ती तिथल्या तिथे निघायची.

कोल्ड यांची रीत साधी होती. आधी गोष्ट सांगायची. इतिहासातली, धर्मातली, कधी रोजच्या जगण्यातली. मग चर्चा. कोणी काही बोलला तर त्यावर ते उलट प्रश्न टाकायचे. मूल स्वतःच विचार करत उत्तरापाशी येईपर्यंत ते सोडायचे नाहीत. आधी माणसाला जागे करायचे, ज्ञान नंतर द्यायचे, असे त्यांचे सूत्र होते.

त्यांचेही सगळे पहिल्या फटक्यात जमले असे नाही. विद्यार्थी चौदा-पंधरा वर्षांचे घ्यावेत असे त्यांना वाटे. ग्रुंटविग सांगत होते, की अठराच्या पुढचे घ्या. अनुभवाने कोल्ड यांना मान्य करावे लागले, की मोठ्या मुलांशी चर्चा जास्त रंगते. कारण उघड आहे. ज्याने थोडेफार जग पाहिले, राबून पाहिले, त्याच्याजवळ स्वतःचे प्रश्न असतात. चूक कळल्यावर ती कबूल करणे हाही गुरूचा गुण आहे, बरं का.

पाइप आणि बियाणे

आता तो वावरातला धडा. एका विद्यार्थ्याने तक्रार केली, की गुरुजी, तुमचे बोलणे ऐकताना फार चांगले वाटते, पण नंतर काही आठवत नाही. मग उपयोग काय? (आपल्याकडेही मेळाव्यातून घरी जाताना हीच तक्रार असते.)

कोल्ड यांनी त्याला शेताचे उदाहरण दिले. ओलसर जमिनीतले पाणी काढायला तिकडे मातीच्या नळ्या गाडत. आपल्याकडे कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत निचऱ्यासाठी सच्छिद्र पाइप गाडतात, तसेच. असा पाइप कुठे गाडला त्याची खूण ठेवावी लागते, नाहीतर पुढे तो सापडत नाही. पण धान्य पेरले तर? दाणा कुठे पडला याची खूण कोणी ठेवत नाही. तो आपोआप उगवून वर येतो. कोल्ड यांनी सांगितले, की मी तुझ्यात पाइप गाडत नाही, बी पेरतो आहे. गरज पडेल तेव्हा ते उगवून येईल, काळजी करू नको.

बघा, पाठांतर आणि समज यातला फरक इतक्या सोप्या भाषेत सांगायला शेतकऱ्याचे मनच लागते.

मुली आणि पालक

१८५२ मध्ये कोल्ड यांनी डाल्बी गावी लहान मुलांची स्वतंत्र शाळा सुरू केली. ती पालकांच्या भरवशावर चालायची. १८५५ मध्ये डेन्मार्कात कायदाच झाला, की पालकांना वाटल्यास ते मुलांना सरकारी शाळेबाहेर शिकवू शकतात. अशा शाळांची परंपरा तिथे आजही आहे. १८६२ मध्ये त्यांची लोकशाळा ओडेन्से शहराजवळ डालुमला गेली आणि १८६३ पासून तिथे उन्हाळ्यात मुलींचे वर्ग भरू लागले. शेतकऱ्याच्या लेकीने घर सोडून शाळेत राहायचे आणि सगळ्यांबरोबर चर्चेत बोलायचे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. ६ एप्रिल १८७० रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी कोल्ड गेले. डालुमच्या त्या शाळेची पुढे शेती शाळा झाली.

बोलायला शिकलेला शेतकरी

१८४९ मध्ये डेन्मार्कात राज्यघटना आली आणि शेतकऱ्याला मत मिळाले. १८६४ च्या युद्धात देशाचा मोठा मुलूख गेला. त्यानंतर गावोगाव लोकशाळा वाढल्या. पुढे १८७० नंतर अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि धान्याचे भाव पडले. तिथला शेतकरी बसून राहिला नाही, तो दुधाकडे वळला. १८८२ मध्ये येडिंग गावी शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली. मलई काढायचे यंत्र तेव्हा नवीन आले होते. त्यामुळे सगळ्यांचे दूध एकत्र करता आले. या डेअऱ्यांत नियम असा रूढ झाला, की गाई कितीही असोत, सभासदाला मत एकच. १९०० च्या सुमारास अशा डेअऱ्या हजाराच्या घरात होत्या.

कोल्ड यांच्या शाळेमुळे डेअरी निघाली, असे सरळ म्हणणे बरोबर होणार नाही. यंत्र, बाजारभाव, भांडवल अशी पुष्कळ कारणे आहेत. पण सहकारी संस्था म्हणजे काय? दहा जणांनी समोरासमोर बसून, न भांडता, हिशेब विचारून निर्णय घेणे. ही सवय ज्यांना तरुणपणी लागली होती, असे कितीतरी शेतकरी त्या चळवळीत होते. आपल्याकडच्या सोसायट्या आणि दूधसंघ पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. सभेत प्रश्न विचारणारा सभासद नसला, की संस्था कोणाच्या खिशात जाते ते आपण जाणतो. ग्रामसभेचेही तेच. सह्या होतात, चर्चा होत नाही.

आमच्या खात्याच्या कामातही मी हे शिकलो. सुरुवातीला मी गावात जाऊन झाडाखाली तासभर बोलायचो. लोक माना हलवायचे. पुढच्या हंगामात फवारणी तीच आणि चूकही तीच. शेतीशाळा घ्यायला लागल्यावर फरक दिसला. आठवड्याला एकदा शेतकरी प्लॉटमध्ये उतरतात, झाडावरच्या किडी आणि मित्रकीटक मोजतात, बांधावर बसून आपसात ठरवतात की फवारायचे की थांबायचे. मी मध्येच उत्तर सांगितले की चर्चा मरते. गप्प राहणे हेच मला सगळ्यात अवघड गेले. तेव्हा वर्गात चाळीस मुलांपुढे रोज हे करणाऱ्या शिक्षकाला किती धीर लागत असेल, याचा अंदाज येतो.

तुमच्या हातात काय आहे?

सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना एक विनंती. पुढचा सत्कार ठरवण्याआधी एकदा वर्गात मागे जाऊन शांत बसा. तीन गोष्टी पाहा. मुले प्रश्न विचारतात का? उत्तर चुकले तर गुरुजी किंवा बाई रागावतात, की तसे का वाटले ते विचारतात? आणि मागच्या बाकावरची पोरगी बोलते का? तिन्हींचे उत्तर बरे आले, तर त्या शिक्षकाला शाल द्या, मग निकाल दोन टक्के कमी का असेना. शाल नसली तरी चालेल. वर्गात गलका होतो म्हणून तक्रार कोणी आणली, तर त्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा. कोल्ड यांच्या पाठीशी सुरुवातीला वरिष्ठ उभे राहिले नव्हते, आणि त्यांना घरदार सोडून परमुलखात जावे लागले.

आणि पालकांनो, मूल संध्याकाळी घरी आले की आज काय पाठ केले एवढेच विचारू नका. आज काय विचारलेस, हेही विचारा. पेरणी झाली की नाही, ते त्यावरून कळेल.