गॉस : युनिटमागचा माणूस

आपल्यासाठी गॉस म्हणजे एक लॉ, एक कर्व्ह आणि एक एलिमिनेशन मेथड. माझी तर बरेच दिवस समजूत होती की हे तीन वेगळे गॉस असणार. एकटा माणूस इतक्या पेपरांत कसा काय घुसेल? पण तो एकटाच होता. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

कार्ल फ्रीडरिश गॉसचा जन्म ३० एप्रिल १७७७ चा, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा. वडील मिळेल ते कष्टाचं काम करायचे, आईला धड लिहिता येत नव्हतं. मुलाची हुशारी कळल्यावर तिथल्या ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला. १८०१ मध्ये सिरीस हा नवा लघुग्रह सापडला आणि सूर्याच्या उजेडात हरवला. थोड्याशा नोंदींवरून गॉसने तो कुठे दिसेल ते गणित करून सांगितलं. वर्षाअखेरीस तो तिथेच सापडला! गॉस तेव्हा २४ वर्षांचा होता.

पुढे १८०५ च्या सुमारास पॅलस या लघुग्रहासाठी त्याला १२ बिंदूंमधून साइन-कोसाइनचा वक्र काढायचा होता. त्याने १२ चे ३ आणि ४ असे गट पाडले, छोटे हिशोब केले आणि ते जोडले. झालं, हेच आपलं एफएफटी. पण गड्याने ते छापलंच नाही. लॅटिनमधलं ते टिपण १८६६ मध्ये, तो गेल्यावर ११ वर्षांनी, बाहेर आलं आणि तसंच पडून राहिलं. कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये तीच युक्ती मांडली आणि नाव त्यांचं झालं.

घरी मात्र दुःखच. १८०६ मध्ये ड्यूक नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी होऊन वारला, आधार गेला. १८०७ मध्ये गॉस गॉटिंगेनच्या वेधशाळेत आला. १८०९ मध्ये बाळंतपणानंतर बायको योहाना गेली, काही महिन्यांनी ते बाळही. दुसरी बायको मिन्ना १८३१ मध्ये गेली. त्याच वर्षी विल्हेल्म वेबर हा तरुण प्रोफेसर गॉटिंगेनला आला आणि पन्नाशी ओलांडलेला गॉस चुंबकाच्या नादी लागला.

तोपर्यंत पृथ्वीचं चुंबकत्व फक्त तुलनेने मोजत, आणि सुईच कमजोर झाली तर सगळं चुकायचं. १८३२ मध्ये गॉसने युक्ती काढली. चुंबकाच्या झोक्यांवरून चुंबकाची ताकद आणि क्षेत्र यांचा गुणाकार मिळतो, त्याच चुंबकाने दुसरी सुई किती वळते त्यावरून भागाकार. दोन समीकरणं, दोन अज्ञात. क्षेत्र थेट लांबी, वस्तुमान आणि वेळ यांत आलं. त्यासाठी १८३३ मध्ये लोखंड न वापरता खास वेधशाळा बांधली. त्याच वर्षी दोघांनी गावाच्या छपरांवरून तार टाकून टेलिग्राफही चालवला.

१८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली. सात प्रोफेसरांनी निषेध केला, सातही जणांना काढलं. त्यांत वेबर होता आणि गॉसचा जावई एवाल्डही. गॉसने सही केली नव्हती. तो गप्प राहिला. हे वाचून मला खरंच राग आला. मग कळलं की नव्वदी पार केलेली, दृष्टी गेलेली आई त्याच्याच घरी होती. तरीही राग पूर्ण गेला नाही. वेबर १८४९ मध्ये परतला, पण तेव्हा गॉस बहात्तरचा होता. २३ फेब्रुवारी १८५५ ला तो गेला.

आमचं मिनी प्रोजेक्ट फ्लक्सगेटवर होतं. गाभा एसीने दोन्ही बाजूंना सॅच्युरेट करायचा; बाहेरचं क्षेत्र आलं की सेन्स कॉइलमध्ये दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल उठतो. त्याचे सॅम्पल घेऊन त्या फ्रिक्वेन्सीच्या साइन-कोसाइनने गुणायचं आणि सरासरी काढायची, म्हणजे गॉसच्या १२ बिंदूंचंच काम. रीडिंग ०.४ गॉसच्या आसपास यायला हवं होतं, पण रूमवर रोज वेगळंच. दोन दिवस कोड तपासला. दोषी निघाली आमची लोखंडी कॉट!

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेचंही असंच झालं. १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी होत होत्या. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या प्रवाहाने सुया बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये हे काम समुद्रापलीकडे अलिबागला नेलं. आम्ही फक्त गच्चीवर गेलो.