अफलातूनचा शागीर्द

एखादी गोष्ट मनापासून आवडली की आपण ती 'अफलातून' आहे असे म्हणतो. मुंबईत त्या नावाची मिठाईही मिळते. हा शब्द म्हणजे ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या नावाचे अरबी रूप, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. या अफलातूनचा सर्वांत हुशार शागीर्द म्हणजे अरस्तू. पाठ्यपुस्तकात तुम्हाला तो ॲरिस्टॉटल या नावाने भेटतो. अरबी विद्वानांनी त्याला 'मुअल्लिमे अव्वल', म्हणजे पहिला गुरू, असा किताब दिला होता. त्याचे तर्कशास्त्र आणि राजनीती यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी तुम्हाला सांगणार आहे ते त्याच्या मासे, माश्या आणि कोंबडीच्या अंड्यांविषयी.

अरस्तूचा जन्म इ. स. पू. ३८४ मध्ये ग्रीसच्या उत्तरेकडील स्टॅगिरा या छोट्या गावी झाला. वडील निकोमॅकस हे मॅसिडोनियाच्या राजाचे, म्हणजे सिकंदराच्या आजोबांचे, हकीम होते. हकिमाच्या घरात औषधी, जखमा, हाडे यांची ओळख मुलाला लवकर होते. पण आईवडिलांचे छत्र लवकरच हरपले आणि प्रॉक्झेनस नावाच्या पालकाने त्याला वाढवले. सतराव्या वर्षी तो अथेन्सला अफलातूनच्या अकादमीत दाखल झाला आणि तिथे तब्बल २० वर्षे राहिला. पालकहो, मुलगा २० वर्षे शिकतच राहिला तर आपल्या घरांत काय बोलले जाईल, याची कल्पना तुम्हीच करा!

इ. स. पू. ३४७ मध्ये उस्ताद वारले आणि अरस्तूने अथेन्स सोडले. आधी आशिया मायनरच्या किनाऱ्यावर असॉस येथे तो राहिला. तिथला सत्ताधीश हर्मियास त्याचा स्नेही होता. त्याच्याच नात्यातील पिथिया हिच्याशी अरस्तूचा निकाह झाला असे आपल्या भाषेत म्हणता येईल. तिथून तो लेस्बॉस बेटावर गेला. या बेटाच्या पोटात समुद्राचे पाणी शिरून पिरा नावाची एक शांत, उथळ खाडी तयार झाली आहे. आज तिला कॅलोनीचे आखात म्हणतात. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा नामांकित तत्त्वज्ञ या खाडीतल्या जिवांची नोंद करू लागला. बेटाचाच रहिवासी थिओफ्रास्टस त्याचा साथीदार होता. त्याने पुढे वनस्पतींचा अभ्यास केला.

अरस्तूने मच्छीमारांना विचारले, मधमाश्या पाळणाऱ्यांना विचारले, शिकाऱ्यांना विचारले. पण ऐकले ते सगळे खरे मानले नाही. काही मच्छीमार म्हणत की मादी मासा नराचे बीज गिळते आणि त्यातून गर्भ राहतो. अरस्तूने ते नाकारले आणि कारणही मोठे मार्मिक दिले : हे लोक मासे रोज पाहतात, परंतु जाणून घेण्यासाठी पाहत नाहीत.

तो स्वतः कसा पाहत असे त्याचा एक नमुना घ्या. उबवायला ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यांचे निरनिराळ्या दिवशीचे रूप त्याने वर्णन केले आहे. तीन दिवस आणि तीन रात्री गेल्या की पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो, आणि तो ठिपका जिवंत असल्यासारखा धडधडत असतो. ते हृदय. दहाव्या दिवशी पिल्लू सगळ्या अवयवांसह दिसू लागते. डोळे मात्र अंगाच्या मानाने फारच मोठे. विसाव्या दिवसाच्या सुमारास कवच फोडले तर पिल्लू हलते, आवाज करते. त्याच्याजवळ ना भिंग होते ना सूक्ष्मदर्शक.

अशा रीतीने सुमारे ५०० प्रकारच्या प्राण्यांचा उल्लेख त्याच्या ग्रंथांत आला आहे. डॉल्फिन हवेत श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो आणि दूध पाजतो, म्हणून त्याला माशांत धरता येत नाही, हे त्याने ओळखले. घाबरलेला माकूल शाई सोडून लपतो, हे त्याने लिहिले. सागरी साळिंदराच्या तोंडातील पाच दातांच्या रचनेला प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आजही 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात. ती उपमा मूळ त्याचीच.

त्याच्या काळीही या कामाला नाके मुरडणारे होते. ताऱ्यांचा विचार सोडून किड्यांची आतडी काय पाहायची? अरस्तूचे उत्तर असे होते की तारे दूर आहेत, त्यांच्याविषयी आपल्याला थोडेच कळते. प्राणी आपल्याबरोबर राहतात, कष्ट घेतले तर त्यांच्याविषयी पुष्कळ कळते. आणि अगदी किळसवाण्या जिवाच्या रचनेतही सौंदर्य आहे. विज्ञान शाखेत गेलेल्या आपल्या मुलामुलींना घरी ऐकावे लागणारे टोमणे आठवले की हे उत्तर ताजे वाटते. ज्या कुरआन शरीफमध्ये मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाने सूरा आहेत, ते मानणाऱ्यांनी तरी या अभ्यासाला हलके लेखू नये.

पुढे मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने त्याला आपल्या मुलाचा, सिकंदराचा, शिक्षक म्हणून बोलावले. सिकंदराने उस्तादासाठी हजारो माणसे प्राण्यांची माहिती जमवायला लावली, अशी कथा रोमन लेखक प्लिनीने सांगितली आहे. ऐकायला छान आहे. पण ग्रंथांत पिराच्या खाडीचे नाव पुन्हा पुन्हा येते, ते पाहता खरी मदत बादशहाची नव्हे, नावाड्यांची झाली असे मला वाटते. इ. स. पू. ३३५ मध्ये अथेन्सला परतून त्याने लायसियम ही आपली शाळा काढली. इ. स. पू. ३२३ मध्ये सिकंदर मरण पावताच मॅसिडोनियाविरुद्ध लोक खवळले. अरस्तूवर देवांच्या अवमानाचा आरोप आला. तो कॅल्किस येथे निघून गेला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ६२ व्या वर्षी, वारला.

त्याच्या चुकाही मोठ्या आहेत. हृदयाने विचार होतो आणि मेंदू रक्त थंड करतो, असे तो समजत असे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना दात कमी असतात, असे त्याने लिहून ठेवले. घरातल्या घरात मोजून पाहण्यासारखी गोष्ट! स्त्री म्हणजे अपुरा राहिलेला पुरुष, हे त्याचे मत तर शतकानुशतके प्रमाण मानले गेले. मुलींना शाळेत पाठवणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावे की एवढा मोठा निरीक्षकही, जिथे आधीच मत ठरवून बसला, तिथे फसला. गंमत अशी की मधमाश्यांविषयी लिहिताना त्यानेच सांगितले होते की अजून पुरेसे कळलेले नाही, आणि कळेल तेव्हा तर्कापेक्षा प्रत्यक्ष पाहण्यावर जास्त भरवसा ठेवावा.

ही शिकवण आपल्या पूर्वसूरींनी उचलली. नवव्या शतकात त्याचे प्राण्यांवरील ग्रंथ अरबीत आले आणि १९ प्रकरणांचे 'किताबुल हयवान' तयार झाले. त्याच नावाचा स्वतंत्र ग्रंथ बसऱ्याच्या अल-जाहिझने लिहिला. गरिबीत वाढलेल्या जाहिझने लहानपणी रोटी आणि मासळी विकली असे सांगतात. त्याने अरस्तूचा आदर केला, पण पटले नाही तिथे स्पष्ट शंका घेतली. इब्ने सीना यांनी आपल्या 'शिफा'त प्राण्यांना जागा दिली. इब्ने रुश्द यांनी ११६९ मध्ये सेव्हिल येथे या ग्रंथांवर भाष्य लिहिले. जग अनादी आहे या अरस्तूच्या मताला इमाम गझालींनी कडाडून विरोध केला, हेही तुम्ही जाणता. पण म्हणून प्राण्यांची पुस्तके कोणी बाजूला टाकली नाहीत. १२२० च्या आधी मायकेल स्कॉटने टोलेडो येथे ती अरबीवरूनच लॅटिनमध्ये नेली, आणि युरोपला ती अशी मिळाली.

पुढे युरोपातील विद्वानांना अरस्तूची काही विधाने भाकडकथा वाटू लागली. त्यांपैकी एक आपल्या मुशीच्या जातीतील एका माशाविषयी होते : या माशाची पिल्ले आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात. माशाला नाळ कशी असेल? बर्लिनचा योहानेस म्युलर याने हे मासे कापून पाहिले. नाळ होती. १८४२ साली त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्या मथळ्यातच अरस्तूचे नाव घातले.