लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगराचे उत्पादन करून त्यांनी भारतीय शेतीच्या यांत्रिकीकरणाला चालना दिली.

शिक्षण आणि नोकरी

लक्ष्मणरावांना चित्रकलेची ओढ होती. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नसल्यामुळे चित्रकार होण्याचा विचार त्यांना सोडावा लागला. मग ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि त्यात प्रावीण्य मिळवून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. तेथे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची निवड झाली. तेव्हा त्यांनी राजीनामा दिला व ते बेळगावला आले.

बेळगावातील व्यवसाय

बेळगावात ज्येष्ठ बंधू रामूअण्णा यांच्यासह ते सायकलींची विक्री व दुरुस्ती करीत. पुढे त्यांनी लहानसा कारखाना काढून कडबा कापण्याची यंत्रे तयार केली. १९०३ साली त्यांचा लोखंडी नांगर बाजारात आला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. तरीही त्यांनी उत्पादन थांबवले नाही.

कारखाना स्थिरावत असतानाच शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने त्यांना जागा सोडण्यास सांगितले. पर्यायी जागा घेण्याइतके भांडवल हाती नव्हते.

किर्लोस्करवाडी

या अडचणीच्या काळात औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. जमीन ओसाड होती. निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट. १९१० साली पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे यांच्यासह लक्ष्मणरावांनी तेथे मुक्काम केला. बेळगावची जागा भाड्याच्या आश्रयासारखी होती. येथे मात्र कारखान्याबरोबर कामगारांची घरेही एका आराखड्यानुसार उभारता आली. किर्लोस्करवाडी ही भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक ठरली. लक्ष्मणरावांनी वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही आणि शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगारांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आयात घटल्यामुळे लोखंड, कोळसा व रंग दुर्मीळ झाले. या टंचाईतूनही कारखाना टिकून राहिला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर' मासिकाचाही आरंभ झाला. त्याचे संपादन शंकरराव किर्लोस्कर करीत. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व १९२६ पासून पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले. विहिरीवरील मोटेला पंपाचा पर्याय मिळाल्यामुळे कंपनीची पुढील वाढ मुख्यतः पाण्याशी निगडित राहिली.

वारसा

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिक्षण घेऊन उद्योगाची धुरा सांभाळली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स व बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. कुंडल रोड स्थानकाला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने लक्ष्मणरावांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.